पहिलं नको

माझ्या हातून मूर्खपणा पुष्कळ झाला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला चकलीच्या भाजणीत मोहन घालायचं विसरले आणि सगळ्या घराला दगड तळून खायला घातले. स्कूटर शिकताना शेजाऱ्यांच्या तुळशी वृंदावनात शिरले. या सगळ्याची मी आता नातवंडांपुढे नक्कल करते आणि त्यांच्याहून जास्त मीच हसते. पण एक मूर्खपणा असा आहे की त्याची नक्कल करायला गेले तर तोंड वाकडं होतं. मी माझ्या सासूबाईंना एक प्रश्न एकदाच विचारला, आणि त्यांनी दिलेलं उत्तर खरं मानलं.

वाचणाऱ्याला वाटेल, यात कसला आलाय मूर्खपणा? विचारलं, उत्तर मिळालं, संपलं. ज्यांना असं वाटतं ते आमच्या हैदराबादच्या, नल्लकुंट्यातल्या घरात कधी जेवायला बसलेले नाहीत.

माझं माहेर नगरचं. आमच्याकडे नको म्हणजे नको. पातेलं एकदा पंगतीतून पुढे गेलं की मागे वळून बघायचं नाही. ज्याला हवं असेल त्याने तोंड उघडावं. ही शिस्त पदराला बांधून मी हैदराबादला आले. सासरची मंडळी तीन पिढ्यांपासून इथली, निजामाच्या अमलात सरकारी कचेरीत कारकुनी करायला आलेली. सासूबाई उर्दू शाळेत शिकलेल्या. त्यांच्या मराठीत मधेच ‘तकलीफ’ यायची, ‘फुरसत’ यायची, आणि मी नवी नवरी पाटावर बसून मनातल्या मनात भाषांतर करत राहायची. एक शब्द मात्र ओळखीचा होता. नको. घरात नको, बाहेर रिक्षावाल्याच्या तोंडी त्याचाच भाऊ नक्को. मला केवढा धीर आला होता! म्हटलं, या गावात हा एक शब्द तरी आपल्याला शिकावा लागणार नाही.

पहिल्याच दिवशी वाढायला मी होते. “आई, भात वाढू?” म्हणून विचारलं. “नको,” त्या म्हणाल्या. मी पातेलं उचलून आत नेलं आणि झाकण ठेवलं. आपण किती चटपटीत, असंही वाटलं असणार.

जेवणं झाल्यावर आमचे हे स्वयंपाकघराच्या दारात आले. “आईला भात का वाढला नाहीस? अर्धपोटी उठली ती.”

“त्या नको म्हणाल्या!”

“किती वेळा?”

“किती वेळा म्हणजे?”

मग त्यांनी मला घराचा कायदा समजावला. “हे बघ. पहिलं नको म्हणजे नमस्कार. दुसरं नको म्हणजे बघू. तिसरं नको खरं. आणि तोंडाकडे बघूच नकोस, हाताकडे बघ. ताटावर हात धरला पण बोटं फाकलेली असली, तर वाढायचं. बोटं जुळवून हात आडवा ठेवला, तर पातेलं उचलायचं.”

“अहो, हे जेवण आहे की चौकातला पोलीस?” मी म्हटलं.

पण शिकले. इतकी शिकले की पुढे पुढे सासूबाईंच्या बोटांमधली फट बघून मला कळायचं की एक डाव हवाय की दोन. कुणी पाहुणे आले की त्या मला डोळ्याने खुणावायच्या, अजून एकदा विचार. आंबट वरण आणि अंबाडीची भाजी असली की त्यांचं पहिलं नको इतकं नाजूक असायचं की मी ते संपायच्या आत वाढून मोकळी व्हायची. सासूबाईंना कुणाकडून काही मागता यायचं नाही. मागणं म्हणजे समोरच्याला तकलीफ. ज्याला द्यायचंय त्याने पुन्हा विचारावं, एवढीच त्यांची अपेक्षा.

एका गोष्टीत मात्र त्या कधी नको म्हणाल्या नाहीत, कारण ती त्यांनी कुणाला विचारूच दिली नाही. सकाळचं दूध. गल्लीच्या टोकाला दुधाचं बूथ होतं. कापडी पिशवी घेऊन, पायात रबरी चपला घालून त्या रोज स्वतः जायच्या. वाटेत इस्त्रीवाल्याशी तेलुगूत, समोरच्या बेगमसाहेबांशी उर्दूत आणि गल्लीतल्या कुत्र्यांशी शुद्ध मराठीत बोलून यायच्या. पिशवी ओट्यावर ठेवली की घराचा दिवस सुरू. हात-पाय चालतायत याची ती त्यांची रोजची हजेरी होती. “दूध आणता येईना झालं की समज माझं झालं,” असं त्या हसत हसत म्हणायच्या.

आता माझ्याकडे वळते. म्हणजे त्या वेळच्या माझ्याकडे, जिची मला आज भलतीच गंमत वाटते.

मी गृहविज्ञान शिकलेली. मुलं शाळेत जायला लागल्यावर विद्यानगरकडच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात लागले. सुरुवात लॉन्ड्रीत चादरी मोजण्यापासून झाली. चादरींवरून पडद्यांवर गेले, पडद्यांवरून साफसफाईवर, आणि पन्नाशी ओलांडता ओलांडता एक दिवस मला पद मिळालं, फॅसिलिटी मॅनेजर. म्हणजे औषध आणि ऑपरेशन सोडून रुग्णालयातलं जे जे काही चालतं, गळतं, जळतं, तुंबतं, ते सगळं माझं. लिफ्ट माझी, जनरेटर माझा, नळ माझे, खाटांची चाकं माझी, पिवळ्या-लाल पिशव्यांतला कचराही माझा. गळ्यात निळा पट्टा आणि त्याला ओळखपत्र. ते मी घरी आल्यावरही लवकर काढायची नाही. सासूबाई म्हणायच्या, “अगं, घंटा काढ आता. गाय गोठ्यात आली.”

त्याच सुमाराला ट्रस्टच्या लोकांच्या मनात आलं की आपलं रुग्णालय हिरवं करायचं. रंगाने नव्हे, वागणुकीने. वीज वाचवायची, पाणी वाचवायचं, कचरा कमी करायचा. मला तर अंगात आल्यासारखं झालं. गच्चीवर सोलरचे पत्रे चढले. स्वयंपाकघरातल्या भाजीच्या देठांचं खत होऊ लागलं. प्लॅस्टिकचे पेले गेले, स्टीलचे आले. हे सगळं चांगलंच होतं आणि त्यातलं बरंचसं अजून चालू आहे. माझ्या मूर्खपणाचं खापर मी झाडांवर फोडणार नाही. गोची झाली ती मला सुचलेल्या एका अतिशहाण्या कल्पनेमुळे.

बायकांच्या वॉर्डात प्रत्येक खाटेजवळ, भिंतीत गुडघ्याइतक्या उंचीवर, एक लहानसा दिवा होता. जाळीमागचा, पिवळट, अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत जळणारा. त्याचा उजेड बेताचाच. चपला दिसाव्यात, संडासाची वाट दिसावी, एवढाच. एका फेरीत मी तो बघितला आणि माझ्या डोक्यात दुसराच दिवा पेटला. इतके दिवे रात्रभर कशाला? ज्यांना नको असतील त्यांचे बंद करू. पण जबरदस्ती नाही हां, मी काही राक्षस नव्हते. विचारून! प्रत्येक बाईला विचारायचं, आणि जी आपला दिवा सोडेल तिच्या खाटेच्या डोक्याशी हिरव्या कागदाचं एक पान चिकटवायचं. पान म्हणजे तुमच्या नावाने एक झाड जगलं. ही पानाची कल्पना मी मीटिंगमध्ये सांगितली तेव्हा टाळ्या पडल्या. मला तर त्या टाळ्या घरी डब्यात भरून न्याव्याशा वाटल्या होत्या.

आणि मग मी वॉर्डात निघाले. दुपारची, भेटायला येणाऱ्यांची वेळ. मागे पानांची पुडकी घेतलेल्या दोन शिकाऊ मुली. एकेका खाटेपाशी थांबायचं, गळ्यातला पट्टा सरळ करायचा आणि विचारायचं.

“अम्मा, रात को ये लाइट होना क्या?”

“नक्को मॅडम.”

“लाइटु कावाला अम्मा?”

“वद्दम्मा, वद्दु.”

“मावशी, हा दिवा हवा का रात्री?”

“नको बाई. कशाला.”

तीन भाषांत एकच उत्तर. एक म्हातारी तर म्हणाली, “आप बोलरे तो नक्को, मॅडम.” तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. मी तिच्या डोक्याशी पान चिकटवलं आणि पुढे गेले. आठवड्याभरात वॉर्ड असा हिरवागार झाला की सुपरिंटेंडेंटसाहेब येऊन बघून गेले. म्हणाले, “पेशंट किती समजूतदार आहेत!” मला ते स्वतःचंच कौतुक वाटलं.

आता बघा गंमत. घरात माझ्यासमोर ताट असतं आणि कुणी नको म्हटलं असतं, तर मी तीनदा विचारल्याशिवाय हटले असते का? बोटं बघितली असती. पण रुग्णालयात मी सून नव्हते, मॅडम होते, आणि मॅडमला एवढी फुरसत कुठे. ज्या शब्दाचा अर्थ मी स्वयंपाकघरात इतकी वर्षं घोकला, तो पट्टा घातल्याबरोबर पुन्हा नगरचा झाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सासूबाईंना ताप चढला. लघवीचा संसर्ग. म्हाताऱ्या माणसाला तेवढा तापही पुरतो, त्या बडबडायला लागल्या, जेवेनाशा झाल्या. आम्ही त्यांना आमच्याच रुग्णालयात आणलं. बायकांच्या वॉर्डात, खिडकीजवळची खाट. सलाइन लागलं, औषधं लागली, तिसऱ्या दिवशी माणसात आल्या. ताप उतरला तसं त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? “दूध कोण आणतंय?”

“मी आणतो,” हे म्हणाले.

“तू? फुल क्रीम आणलं असशील.” आणि ते खरंच होतं.

डॉक्टर म्हणाले, एक-दोन दिवसांत घरी न्या. मी खुशीत होते. त्याच दुपारी माझी पानांची फेरी होती. नव्या आलेल्या बायकांना विचारायचं होतं. खिडकीच्या खाटेपाशी आले. मागे त्या दोन मुली. सासूबाई उशीला टेकून बसलेल्या. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. सून अशी मागे माणसं घेऊन फिरते, हे त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

मी काय करायला हवं होतं? पलंगाच्या कडेवर बसून त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं करायला हवं होतं. मी पट्टा सरळ केला. इतरांना विचारायची तशाच चालीत, थोडं मुलींना ऐकू जाईल असं, विचारलं, “आई, रात्री हा दिवा हवा का?”

“नको,” त्या म्हणाल्या. “कशाला उगाच.” आणि हात जरा वर केला.

“बघा, आमच्या घरूनच सुरुवात!” मी मुलींकडे वळून म्हणाले. मुली हसल्या. एकीने पान चिकटवलं.

“हे काय गं?”

“झाड वाचवलंत तुम्ही, आई.”

“कुठलं झाड?” त्यांनी खिडकीतून बाहेर बघत विचारलं. बाहेर पार्किंग होतं.

त्यावर आम्ही सगळ्याच हसलो आणि मी पुढे गेले. त्यांचा वर झालेला हात मी बघितला होता, पण डोळ्याने बघितला होता, इतकंच. तो मला नीट दिसला तो पुढे कितीतरी दिवसांनी. त्याची बोटं फाकलेली होती.

पहाटे फोन आला. वॉर्डातली आया होती. “मॅडम, आपके सासूमाँ गिर गए. बाथरूम को जारे थे.” पलीकडच्या खाटेवरच्या बाईला उलटी होत होती म्हणून ती तिकडे गेली होती. तेवढ्यात हे झालं. सासूबाईंनी घंटी वाजवली नव्हती. वाजवणारच नाहीत. घंटी म्हणजे मागणं. रोजच्या सवयीने जाग आली असणार, त्या अंधारात चपला शोधायला वाकल्या असणार, आणि नुकत्याच तापातून उठलेल्या अंगाला चक्कर आली असणार. खुब्याचं हाड मोडलं.

मी पोचले तेव्हा उजाडलं होतं. त्यांना परत खाटेवर घेतलं होतं, पाय उशांमध्ये धरला होता. चेहरा पांढराफटक. मला बघून पहिलं वाक्य, “तू कशाला आलीस एवढ्या सकाळी? चहा तरी घेतलास का?” डोक्याशी ते हिरवं पान होतं. मी ते काढायला गेले तर निघेना. नखाने खरवडून खरवडून काढलं, तरी डिंकाचा एक डाग राहिला.

ऑपरेशन झालं. हाड जोडलं गेलं, फोटोत छान दिसत होतं. डॉक्टरांनी ह्यांना समजावलं की या वयात हाड जुळलं तरी माणूस पूर्वीसारखा चालेलच असं नाही. हे मान हलवत राहिले. मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं. आता ह्यांनी विचारावं, तिथे दिवा नव्हता का? त्यांनी विचारलं नाही. त्यांना माहीतच नव्हतं की तिथे एक दिवा असायचा.

रुग्णालयात माणूस पडलं की चौकशीची बैठक बसते. चांगली पद्धत आहे ती. कुणाला फाशी द्यायला नव्हे, पुन्हा होऊ नये म्हणून बसायचं असतं. त्या बैठकीत मीही असायची, पदामुळे. खाटेची उंची बरोबर होती, फरशी कोरडी होती, घंटी चालू होती. कुणीतरी म्हणालं, “दिव्याचं काय?” मुख्य परिचारिका म्हणाली, “पेशंटनेच नको सांगितलं होतं.” सगळ्यांच्या नजरा एक क्षण माझ्याकडे आल्या आणि दयेने खाली गेल्या. माझ्याच घरचं माणूस ना, कोण बोलणार. निष्कर्ष निघाला की रुग्ण मदत न मागता उठला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

त्या संध्याकाळी मी वॉर्डातले सगळे दिवे परत लावले. कुणाला विचारलं नाही. पानं काढून टाकली. पुढे जरा बरे, थंड जळणारे, थोडी वीज खाणारे दिवे बसवले. तेही आधी सुचायला हरकत नव्हती, पण त्याला टाळ्या पडल्या नसत्या. आणि आयांना सांगितलं, “म्हाताऱ्या बाईला ‘सोबत येऊ का’ असं विचारायचं नाही. ‘चला, मी येते’ म्हणायचं आणि हात पुढे करायचा.” एकजण म्हणाली, “मॅडम, नक्को बोले तो?” मी म्हटलं, “तर ऐकू आलं नाही असं समजायचं.” आजारी माणसाच्या नकोमध्ये बहुतेक वेळा लाज असते. आपलं ओझं कुणाला होऊ नये याची ती धडपड असते. रुग्णाने हो म्हटलं तरच मिळणारी सुरक्षितता म्हणजे सुरक्षितता नव्हेच, हे मला तेव्हा कळलं. ते शहाणपण फार महागात पडलं आणि किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली.

सासूबाईंना घरी आणलं. पुढच्या खोलीत, रस्ता दिसेल अशी खाट टाकली. मी लांब रजा काढली. आणि मग सुरू झालं माझं विचारणं. आई, पाणी हवं? आई, पाणी देऊ? आई, थोडं तरी घ्या पाणी. आई, पंखा? आई, कूस बदलू? प्रत्येक गोष्ट तीनदा, कधी चारदा. एक दिवस त्या वैतागल्या. “अगं, बिलकुल नको म्हणतेय ना! एकदाच विचार, माझे कान दुखतात.” मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. त्यांना कुठे माहीत, मी कसली भरपाई करत होते.

दूध आता पोऱ्या फाटकाला पिशवीत अडकवून जायचा. पिशवीचा आवाज झाला की त्या मान वळवून बघायच्या. पहिले काही दिवस “आज उशीर केला”, “फाटली नाही ना पिशवी” असं काहीबाही बोलायच्या. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने त्यांना वॉकर धरून उभं केलं. चार पावलं टाकली की कळ यायची. ओठ घट्ट मिटून त्या परत बसायच्या. ती म्हणायची, “अम्मा, फाटकापर्यंत गेलात की मी तुम्हाला बूथवर नेईन.” त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या एकदा. तिथून फाटक दिसतं. थोडा वेळ त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “लांब आहे गं.” त्यानंतर त्यांनी चपला खाटेखाली सरकवून ठेवायला सांगितल्या. आणखी काही दिवसांनी पिशवीचा आवाज झाला तरी मान वळेनाशी झाली.

समोरच्या बेगमसाहेबा रोज येऊन बसायच्या. त्या दोघी बोलायच्या कमी, बसून जास्त राहायच्या. जाताना बेगमसाहेबा मला म्हणायच्या, “दुल्हन, आप बहुत खिदमत कर रहे.” मला तिथल्या तिथे जमिनीत गाडून घ्यावंसं वाटायचं.

मधे सांगायचं राहिलं, हे सगळं आज का लिहायला घेतलं. आता मी स्वतः म्हातारी. अलीकडेच सिकंदराबादला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. चकाचक रुग्णालय, माझ्या काळातलं तिथे काही उरलेलं नाही. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने धड दिसत नाही, समोर तीन पायऱ्या. एका गोड मुलीने विचारलं, “ग्रँडमा, हात धरू?” आणि माझ्या तोंडून निघालं, “नको.” आतून मी ओरडत होते की धर गं बाई, धर! पण तोंडातून तेच निघालं, आणि त्याच नाजूक चालीत. इतकी वर्षं वाढता वाढता मी सासूबाईंचं नको कधी उचललं ते मलाच समजलं नाही. सोबत आलेल्या नातीने मात्र काही न विचारता दंडाला धरून मला खेचत खाली उतरवलं. तिला मराठी वाचता येत नाही आणि आमच्या घरचा कायदाही ठाऊक नाही. बरंच आहे.

सासूबाई पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. खोकला झाला, छातीत उतरला, पडून राहणाऱ्या माणसाला तेवढं निमित्त पुरतं. शेवटपर्यंत त्यांनी पडल्याबद्दल कुणाला बोल लावला नाही. कुणी भेटायला आलं आणि कशा पडलात म्हणून विचारलं, तर म्हणायच्या, “माझीच घाई.” ते ऐकताना मी चहाच्या निमित्ताने आत जायची. एकदा दोनदा नव्हे, दर वेळी. इतका चहा आमच्या घरात आधी कधी झाला नव्हता.

त्या जायच्या आधीची एक दुपार होती. घरात आम्ही दोघीच. मी त्यांचे केस विंचरत होते. त्या खाटेच्या कडेला उशांच्या आधाराने बसलेल्या, मी मागे. केस अगदी विरळ झाले होते. फणी घातली की लगेच बाहेर. तोंडं एकमेकींकडे नव्हती म्हणूनच मला धीर झाला असावा.

“आई, एक बोलू?”

“बोल की.”

“तुम्ही पडलात ना, त्या दिवशी तिथे खाली एक दिवा असायला हवा होता. तो मी बंद करवला होता. मीच. टाळ्या मिळाव्यात म्हणून.”

रस्त्यावरून कुणीतरी भाजी विकत गेला. मी वेणीचे तीन पेड हातात धरून तशीच उभी होते. सोडताही येईनात, घालताही येईनात. मग मी अगदी मूर्खासारखं विचारलं, “आई, ऐकलंत ना? रागावलात?”

त्यांनी मान थोडी वळवली, पूर्ण नाही, आणि म्हणाल्या, “अगं, मला ठाऊक आहे. तू विचारलंस तेव्हा मी नको म्हटलं, आणि तू पुन्हा विचारशील म्हणून थांबले. पण तू तोवर पुढच्या खाटेपाशी गेली होतीस.”